अनुभव सांगा: तुमचं पहिलं नेटबुक

माळा आवरताना माझं ७ इंची नेटबुक, म्हणजे छोटा, स्वस्त लॅपटॉप, सापडलं: ईई पीसी. म्हणून हा धागा.

२००५ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे निकोलस निग्रोपॉन्टी यांनी मुलांसाठी १०० डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. किंमत जवळपास दुपटीवर गेली, पण तो हिरवा-पांढरा 'एक्सओ' लॅपटॉप २००७ मध्ये आपल्या कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या एकशिक्षकी शाळेतही पोचला. त्याच वर्षी ऑक्टोबरात तैवानच्या आसूसने ईई पीसी ७०१ आणला. हार्ड डिस्क नाहीच, ४ जीबी फ्लॅश मेमरी, वजन किलोच्या आत. तोवर लहान लॅपटॉप मोठ्यापेक्षा महाग असायचा. तो हिशेब इथे उलटला. तुमच्याकडे कोणतं होतं? सविस्तर लिहा.

---

२००९, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. बाबांनी सोसायटीचं कर्ज काढून १० इंची घेऊन दिलं. पडदा १०२४ बाय ६००. बरीच सॉफ्टवेअरं ७६८ उंची धरून केलेली, त्यामुळे 'ओके'चं बटण पडद्याखाली बुडायचं. मग टॅबचं बटण मोजून दाबायचं, एक, दोन, तीन, आणि एंटर. प्रत्येक सॉफ्टवेअरचे टॅब पाठ होते. सी++ मी त्यावरच शिकलो. हॉस्टेलवर स्वतःचा कॉम्प्युटर असणं काय असतं, हे ज्याच्याकडे नव्हता त्यालाच कळेल.

---

मी तेव्हा दुरुस्तीच्या दुकानात होतो. सगळ्यांत १ जीबीच रॅम का, असं गिऱ्हाईक विचारायचं. मायक्रोसॉफ्ट या छोट्या मशीनना विंडोज एक्सपी स्वस्तात द्यायची, त्यातली ती अट होती. मागचं झाकण उघडून २ जीबीची पट्टी घातली की ॲटम या धीम्या प्रोसेसरचं मशीनही जरा मोकळा श्वास घ्यायचं.

---

माझं तीन वर्षांत गेलं. आजही हळहळ वाटते.

---

मी तालुक्याची वार्ताहर होते. बातमी परतीच्या एसटीत लिहायची: मांडीवर पर्स, पर्सवर नेटबुक. मोठा लॅपटॉप उघडला की पुढच्या सीटची पाठ आडवी यायची, हे बरोबर मावायचं. नेटचं डोंगल यूएसबीत खोचून ठेवायचे. घाट उतरला की रेंज यायची आणि मेल जायचा. २०१० मध्ये आयपॅड आला, ऑफिसात सगळे त्याचंच बोलू लागले. मला मात्र मराठी टंकायला बटणंच हवीत. अक्षरं पार पुसली होती, तरी २०१३ पर्यंत बोटांच्या सवयीने त्यावरच लिहिलं.