नवं कॉम्पॅक्ट एअर पिस्तूल: पहिल्या १२० छर्र्यांनंतर काही प्रश्न

शापोराकाठ (म्हापसा):

नमस्कार मंडळी. १० मीटरचं एअर पिस्तूल घेतलंय, कॉम्पॅक्ट मॉडेल. हवेचं सिलिंडर, मेकॅनिकल ट्रिगर. वापरणार आहे १५ वर्षांची मुलगी, उजव्या हाताची. आतापर्यंतचा तिचा सराव पूर्ण मापाच्या पिस्तुलावर झालाय. रेंजवरच्या पहिल्या दिवसाची टिपणं अशी:

काट्यावर वजन ८७० ग्रॅम भरलं, जुनं ९८५ होतं. मागच्या साइटपासून (नेम धरायच्या खुणेपासून) पुढच्या साइटपर्यंतचं अंतर २९० मिमी, जुन्याचं ३३०. हात वर नेताना फार सोपं जातं. पण नेमावर टेकल्यावर पुढचं टोक स्थिर राहत नाही, बारीक आणि भरभर थरथरतं.

जुन्या पिस्तुलावर १० छर्र्यांचा ग्रुप (भोकांचा पसारा) साधारण ३० मिमीचा यायचा. इथे ४५ ते ५०, आणि सगळा खाली डावीकडे, सात वाजण्याच्या दिशेला ८ आणि ७ च्या रिंगमध्ये. शेवटचे तीसेक छर्रे तर आणखी एक रिंग खाली गेले. सुरुवातीला सिलिंडरचा काटा १७० बारवर होता, संपवताना ६० च्या जरा वर.

प्रश्न असे: साइट फिरवावी का? पुढे वजन लावावं का? की साइटमधलं अंतर कमी असल्यामुळे असं होणारच, आणि सवय होईपर्यंत थांबायचं?

दुर्भाट_दहा_मीटर:

आकडे मोजून दिलेत हे फार बरं केलंत, त्यामुळे अंदाजाने बोलावं लागत नाही.

आधी शेवटचे तीस. त्यात मुलीची काहीच चूक नाही, हवा संपत आली होती. बहुतेक पिस्तुलांत ७०-८० बारच्या खाली रेग्युलेटरला (दर छर्र्यामागे हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागाला) पुरेसा दाब मिळत नाही आणि छर्र्याचा वेग पडतो. १५० मीटर प्रति सेकंदाने निघालेला छर्रा १० मीटरवर पोचेपर्यंत साधारण २२ मिमी खाली येतो. तोच १३० ने निघाला तर २९ मिमी. फरक ७ मिमी, आणि एअर पिस्तुलाच्या टार्गेटची एक रिंग ८ मिमीची. म्हणजे तुम्ही लिहिलेली 'एक रिंग खाली' तंतोतंत तीच. ते तीस छर्रे हिशेबातून काढूनच टाका. पुढच्या वेळी काटा १०० वर आला की भरून घ्या.

आता साइटमधलं अंतर. पुढची साइट मागच्या साइटच्या खाचेत ०.१ मिमी सरकली तर ३३० मिमीच्या पिस्तुलावर टार्गेटवर ३ मिमीची चूक होते, २९० च्या पिस्तुलावर ३.४. वाढ १४ टक्के. त्या हिशेबाने ३० मिमीचा ग्रुप फार तर ३४-३५ चा व्हायला हवा. तुमचा ५० चा होतोय. उरलेले पंधरा मिमी पिस्तूल आखूड असल्यामुळे आलेले नाहीत, ते ग्रिप आणि ट्रिगरमधून येताहेत. 'कॉम्पॅक्ट आहे, असंच होणार' म्हणून थांबू नका. चुकीची पकड एकदा हाताच्या अंगवळणी पडली की मोडायला महिने लागतात.

साइटला आज हात लावू नका. आधी एक चाचणी करा. हवा पूर्ण भरा, टेबलावर वाळूची पिशवी ठेवा, मनगट आणि हात पिशवीवर टेकवा (नळी टेकवायची नाही), आणि पाच छर्रे मारा. ते मधोमध बसले तर दोष हातात. तेही सात वाजताच गेले तर साइट.

साळावलीकर:

वरच्या उत्तराशी सहमत. ग्रिपबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण नव्या पिस्तुलावर पहिला महिना इथेच वाया जातो.

पिस्तुलासोबत आलेली लाकडी ग्रिप कोणाच्याच हाताची नसते. आधी साइझ बघा. कॉम्पॅक्ट म्हणून मिळालं तरी त्यावर मीडियम ग्रिप असू शकते, आणि १५ वर्षांच्या मुलीला बहुधा स्मॉल लागते. तपासायची रीत अशी: डाव्या हाताने नळी धरून पिस्तूल उजव्या हाताच्या अंगठा-तर्जनीच्या बेचक्यात जितकं वर आणि खोल जाईल तितकं बसवा. मग तीन बोटं मिटा. आता डोळे मिटून हात वर न्या, दोन श्वास थांबा, डोळे उघडा. पुढची साइट खाचेच्या मधोमध दिसली तर ग्रिप बरोबर. दर वेळी डावीकडेच दिसत असेल तर ग्रिप तिला ओढतेय. मनगटाने ती रेटून मध्यभागी आणली की चाळीसाव्या छर्र्याला मनगट दमणार आणि नेम परत डावीकडेच जाणार.

तर्जनीची बाजू लाकडाला घासता कामा नये. बोट आणि ग्रिप यांच्यात पोस्टकार्ड जाईल एवढी फट हवी. बोट घासत असेल तर ट्रिगर दाबताना सगळं पिस्तूल बाजूला ढकललं जातं. ट्रिगरवर पहिल्या पेराचा मधला भाग यावा. टोक लागत असेल तर ट्रिगरची पट्टी मागे घ्या, ती बहुतेक मॉडेलांत पुढे-मागे सरकते.

खालचा पाम शेल्फ (तळहात टेकायची सरकती फळी) घट्ट आवळू नका. हात नुसता टेकेल एवढाच वर घ्या. दुकानात घट्ट बरा वाटतो, पण दहा मिनिटांत तळहात फुगतो, आणि आपल्या हवेत घाम आला की आणखीच. तळहाताला वर ढकलणारा शेल्फ मनगटाचं कुलूप ढिलं करतो.

लाकूड काढायचं असेल तर ८० नंबरच्या पॉलिशपेपरने सुरुवात करून १२० वर संपवा. एका बैठकीत अर्ध्या मिमीपेक्षा जास्त नको. काढलेलं परत बसत नाही. भर घालायची असेल तर वूड पुट्टी पातळ थरात, पूर्ण वाळल्यावर घासायची. ग्रिपला वार्निश मात्र नको, घामात निसटते.

आणखी एक, जे पटकन लक्षात येत नाही. पुढची साइट डोळ्याच्या जवळ आल्याने ती जाड दिसते आणि खाचेत दोन्ही बाजूंच्या उजेडाच्या फटी अरुंद होतात. जुन्या सवयीने मुलगी खाचेचा जुना उजेड शोधत असणार. रिअर साइटची खाच रुंद करायचा स्क्रू असेल तर प्रत्येक बाजूची फट पुढच्या साइटच्या साधारण निम्म्या रुंदीची दिसेपर्यंत उघडा. सिक्स ओ'क्लॉकच्या खालचा (काळ्या गोलाचा तळ आणि पुढची साइट यांच्यातला) पांढरा पट्टाही तेवढाच ठेवायला सांगा. नजर पुढच्या साइटवर, काळा गोल धूसर दिसला पाहिजे.

बार्देशी:

वजनाबद्दल. थरथर भरभर होतेय म्हणजे पुढे वजन कमी पडतंय. नळीखालच्या रॉडवर १० किंवा २० ग्रॅमचे तुकडे लागतात, त्यातला एक टोकाला लावा. नियमात १५०० ग्रॅमपर्यंत मुभा आहे, तुम्ही कुठेच जवळ नाही.

साळावलीकर:

बार्देशी, वजनाचा उपाय खरा आहे, पण आत्ताच नको. ग्रिप जुळायच्या आधी वजन लावलं की थरथर कमी दिसते आणि ग्रिपचा दोष झाकला जातो. शिवाय कॉम्पॅक्ट घेतलं ते खांद्यासाठीच ना? मॅचमध्ये ६० छर्रे, ७५ मिनिटं, त्याआधी १५ मिनिटं तयारी आणि साइटर (न मोजले जाणारे सरावाचे छर्रे). पहिल्या दहात १० ग्रॅमने काय बदललं ते बघू नका, शेवटच्या दहाचा ग्रुप पाहून ठरवा.

बार्देशी:

मान्य. पण मग एक तारीख ठरवा. ग्रिप झाल्यावर ५०० छर्र्यांचा एक डबा, आणि तरीही थरथर असेल तर १० ग्रॅम. नाहीतर 'नंतर बघू' म्हणता म्हणता मोसम जातो.

शापोराकाठ:

सगळ्यांचे आभार. हवा भरून पिशवीवरची चाचणी झाली. पाचही छर्रे ९ आणि १० मध्ये, थोडे डावीकडे. म्हणजे मुख्य दोष हातातच. डोळे मिटून केलेल्या तपासणीत पुढची साइट दर वेळी डावीकडे दिसते, आणि बोट लाकडाला घासतं. ग्रिप मीडियमच निघाली. स्मॉल मागवतोय.

आणखी तीन प्रश्न. ट्रिगरला स्प्रिंगकाटा लावून बघितला तर ४३० ग्रॅमवर सुटतो. हे चालेल का? पावसाळ्यात हवा कुठून भरायची? आणि पिस्तूल कदंबाच्या बसमधून न्यायला लायसन्स लागतं का?

दुर्भाट_दहा_मीटर:

लायसन्सचं आधी. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे बोअर (नळीचा आतला व्यास) ४.५ मिमीपेक्षा जास्त किंवा ऊर्जा २० जूलपेक्षा जास्त असेल तरच एअरगनला लायसन्स लागतं. तुमचा अर्ध्या ग्रॅमचा छर्रा १५० मीटर वेगाने म्हणजे साडेपाच जूलच्या आसपास. तरी पिस्तूल बंद पेटीत न्या, बिल आणि मुलीचं ओळखपत्र सोबत ठेवा, पेटी बसमध्ये उघडू नका.

ट्रिगर मात्र ४३० चालणार नाही, किमान ५०० ग्रॅम हवा. इक्विपमेंट कंट्रोलला (स्पर्धेतल्या साहित्य तपासणीला) वजन टांगून बघतात. नळी उभी, ट्रिगरच्या मधोमध ५०० ग्रॅमचं वजन, ते उचललं गेलं पाहिजे. स्प्रिंगकाट्यावर विसंबू नका, तो तिरका ओढला की आकडा चुकतो. पाण्याची बाटली आणि तारेचा हुक स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ५१५ ग्रॅम करून घ्या. चाचणी रेंजवरच, कोचसमोर, नळी रिकामी असल्याची खात्री करून.

ट्रिगर दोन टप्प्यांत दाबला जातो. पहिल्या टप्प्यात साधारण ३७०-४०० ग्रॅम, बाकी दुसऱ्या टप्प्यात, अशी वाटणी नवख्या हाताला बरी. पहिला टप्पा जड ठेवला की बोट आधीच स्थिरावतं. वजनाच्या स्क्रूला एका वेळी पाव फेरा द्या आणि दर वेळी परत टांगून बघा. सीअरचा (ट्रिगर सुटेपर्यंत अडवून धरणाऱ्या भागाचा) स्क्रू मॅन्युअलमध्ये वेगळा दाखवलेला असतो, त्याला हात लावू नका. तो बिघडला की ट्रिगर कधी नुसत्या धक्क्यानेही सुटतो.

मांडवीपलीकडे:

हवेचं मी सांगतो. गोव्यात सोय स्कूबावाल्यांकडे असते, पण त्यांचा धंदा पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, बंद असतो. तेव्हा मे अखेरीस १२ लिटरची टाकी भरून ठेवा. हिशेब बघा: पिस्तुलाचं सिलिंडर १०० मिलिलिटरचं धरलं तरी ८० वरून २०० बारवर न्यायला १२ लिटर हवा लागते, म्हणजे टाकीचा दाब एका भरण्यात १ बार उतरतो. तीस वेळा भरलं तरी टाकी १७० वर, पण मग पिस्तूलही १७० च्या वर जाणार नाही. गणेश चवथीपर्यंत पुरतं. टाकीच्या हायड्रो टेस्टची (पाण्याने केलेल्या दाबाच्या चाचणीची) तारीख बघून घ्या, आणि व्हॉल्व डीआयएन (आट्यांनी फिरवून बसणारा) आहे की ए-क्लॅम्प (वरून कसायचा) ते आधी विचारा. अॅडॉप्टर चुकला तर फेरी फुकट.

हातपंप जुलैत टाळा. दमट हवा २०० पटीने दाबली की पाणी सिलिंडरात उतरतं, आणि तिथून रेग्युलेटरमध्ये. पंप वापरावाच लागला तर पाणी अडवणारा फिल्टर लावा आणि दर पन्नास झटक्यांनी पंपाचा व्हॉल्व उघडून निचरा करा.

भरताना हळू, निदान मिनिटभर घ्या. जोरात भरलं की सिलिंडर तापतं, काटा २०० दाखवतो आणि थंड झाल्यावर १८० वर येतो. भरलेलं सिलिंडर उन्हात बंद गाडीत ठेवू नका, २७ अंशांना २०० बार असलेलं ६० अंशांना २२० च्या वर जातं. सिलिंडरवर बनवल्याची तारीख कोरलेली असते. तिथून १० वर्षं झाली की ते बाद.

ओ-रिंगला (जोडातल्या रबरी कड्याला) फक्त सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला लागेल इतकंच. गंजासाठी फवारतात ती तेलं हवेच्या जोडाजवळ नेऊ नका, रबर फुगतं आणि दाबाखाली तेल पेट घेऊ शकतं. बाहेरच्या लोखंडी भागांवर मात्र दर सरावानंतर तेलाचं फडकं फिरवा. पेटीतला फोम पावसात ओल धरून ठेवतो. पिस्तूल सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसकट कपाटात ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परत निळे होतात, तो तवा मात्र भाकरीला वापरू नका. छर्र्यांचा उघडा डबाही तसाच, शिशावर पांढरट भुकटी धरली की ते छर्रे सरावालाही नकोत. आणि सराव संपला की मुलीने आधी साबणाने हात धुवायचे, मग पाव-भाजी.