लिव्हरच्या पेशंटला बीपीची गोळी कशाला? अण्णांचं बीपी तर नॉर्मल आहे

पलूसचा_पोरगा
नमस्कार मंडळी. आमचे अण्णा ६१ वर्षांचे, माळकरी माणूस, दारूचा थेंब नाही, पण शुगर १५ वर्षांपासून आहे. मागच्या महिन्यात दोन दिवस संडासला काळं, डांबरासारखं चिकट होत होतं, आम्हाला वाटलं रक्तवाढीच्या गोळ्यांनी असेल, तिसऱ्या दिवशी पहाटे रक्ताची उलटी झाली, घमेल्याचा तळ लाल झाला, तसंच गाडीत घालून मिरजेला नेलं. दुर्बीण घातली, अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटल्यात म्हणाले, रबर बँड लावले. लिव्हर सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कडक झालंय, आणि त्यातून पोर्टल हायपरटेन्शन. पण लिव्हर बिघडलंय तर रक्त अन्ननलिकेतून कसं काय? आणि घरी सोडताना कार्वेडिलॉल दिली, मेडिकलवाला म्हणाला ही बीपीची गोळी. अण्णांचं बीपी ११०/७०, म्हणून आईने चार दिवस झाले बंद केलीय. बरोबर केलं का?

कृष्णाकाठ
भावा, आधी डॉक्टरांना फोन लाव, गोळी परस्पर बंद करायची नसते. बाकी रक्ताचं म्हणशील तर आपल्या सांगलीच्या माणसाला हे सांगायला नको, २०१९ च्या महापुरात बघितलंय आपण. नदीला फुगवटा आला की ओढ्याचं पाणी पुढं जायचं थांबतं आणि उलटं मागं सरकायला लागतं. जठर, आतडी, प्लीहा सगळ्यांचं रक्त एकाच मोठ्या शिरेतून लिव्हरकडे जातं, तीच पोर्टल व्हेन, लिव्हरला मिळणारं पाऊण रक्त तिचंच. लिव्हर दगडासारखं कडक झालं की रक्त तुंबतं, त्या शिरेत दाब वाढतो, तेच पोर्टल हायपरटेन्शन, आणि रक्त वाट मिळेल तिकडून हृदयाकडे जायला बघतं. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला, गुदाशयाजवळ, बेंबीभोवती एरवी दोऱ्यासारख्या असणाऱ्या शिरा मग फुगतात. अन्ननलिकेतल्या तर अगदी आतल्या अस्तराला लागून असतात म्हणून फुटतात. प्लीहा पण याच तुंबण्यानं वाढते आणि प्लेटलेट कमी होतात, अण्णांच्या रिपोर्टात बघ.

सिस्टर_मिरज
दादांनी बरोबर सांगितलं पण ती अर्धी गोष्ट झाली. मी पोटविकाराच्या वॉर्डात १२ वर्षं काम केलंय. इकडे रक्त तुंबलेलं असताना तिकडे आतड्यांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या सैल पडून रुंद होतात, नायट्रिक ऑक्साइड जास्त तयार होतं म्हणून, मग आतड्यात रक्त उलट जास्तच येतं. म्हणजे खाली फुगवटा आणि वरून कोयनेचा विसर्ग पण वाढवलेला. कार्वेडिलॉल मुख्यतः तो विसर्ग कमी करते, आणि थोडाफार लिव्हरमधला अडथळा पण. दंडावर मोजतात ते बीपी वेगळं. पोर्टलचा दाब, म्हणजे लिव्हरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या शिरांतल्या दाबातला फरक, एरवी ५ मिलिमीटरच्या आत असतो, १० झाला की शिरा फुगायला लागतात, १२ च्या पुढं फुटायची भीती. बँड त्या फुगलेल्या शिरांना लावलेत, दाब आहे तिथंच आहे. वरचं बीपी ९० च्या खाली गेलं किंवा चक्कर आली तर मात्र लगेच कळवा. दुर्बिणीच्या रिपोर्टात जठराचं अस्तर सापाच्या कातीसारखं लिहिलंय का बघा, तिथूनही हळूहळू रक्त पाझरतं आणि हिमोग्लोबिन उतरत जातं. गुडघेदुखीच्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या अजिबात नकोत. परत काळी संडास झाली तर वाट न बघता सरळ दवाखाना.

पलूसचा_पोरगा
ताई, दादा, खूप आभार. डॉक्टरांशी बोललो, बीपी विचारून आजपासून परत सुरू करा म्हणाले. गुडघ्याची गोळी खरंच चालू होती, गावातनं आणलेली, ती टाकून दिली. अजून एक, गेले तीन दिवस अण्णा दिवसभर झोपतात आणि रात्री टक्क जागे, काल मला धाकट्या काकांच्या नावानं हाक मारली. वयामुळं असेल ना?

सिस्टर_मिरज
नाही, वयावर ढकलू नका. लिव्हरला वळसा घालून गेलेलं आतड्याचं रक्त साफ न होता मेंदूपर्यंत जातं, त्यात अमोनिया असतो, झोप उलटी होणं ही त्याची सुरुवात असते. त्यांना दोन्ही हात समोर धरून पंजे वर करायला सांगा, पंजे फडफडतात का बघा. संडास किती दिवसांत झाली नाही ते विचारा आणि फडफड असो नसो, आज रात्रीच घेऊन या, सकाळची वाट बघू नका.