अनुभव धागा : स्ले द स्पायर – सातारा-सांगलीकडच्या खेळाडूंनो, नवख्यांना काय सांगाल?

शाहूनगर_सातारा (धागा काढणारा)

ओळखीतल्या दहाजणांना हा गेम घ्यायला लावला, त्यातले निम्मे "सगळा नशिबाचा खेळ आहे" म्हणत सोडून बसले. नशीब आहेच, पत्ते पिसूनच येतात. पण त्याच नशिबावर काही लोक एकामागून एक डाव जिंकतात, म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: सिॲटलच्या मेगा क्रिट नावाच्या छोट्या कंपनीचा गेम. नोव्हेंबर २०१७ मध्ये अर्धवट अवस्थेत विक्रीला आला, जानेवारी २०१९ मध्ये पूर्ण झाला, आयफोनवर २०२० मध्ये आणि अँड्रॉइडवर फेब्रुवारी २०२१ मध्ये पोचला. एकट्याने खेळायचा, पैसे एकदाच भरायचे, आत दुकानदारी नाही. मनोऱ्याच्या तळापासून वर चढत जायचं. प्रत्येक लढाई जिंकली की तीन पत्ते समोर येतात. त्यातला एक आपल्या डेकमध्ये (पत्त्यांच्या गड्डीत) घ्या किंवा सरळ पुढे जा. मेलात की पहिल्यापासून.

काय कामी आलं ते लिहा. शेवटाकडच्या गोष्टी फोडू नका, नवीन मंडळी वाचतायत.

कुपवाड_सेकंडशिफ्ट

पयला मान माझा. भावांनो, आदी शत्रूच्या डोक्यावर बगा. तलवारीचं चित्र आन् शेजारी आकडा आसतोय. तेवढाच मार बसणार, लपवाछपवी न्हाई. आमच्या लाईनवरची पोरं मातूर हातात डिफेंड (ब्लॉक देणारा, म्हंजे मार अडवायचा पत्ता) दिसला की टाकत्यात. समोरचा ह्या फेरीला मारणारच नसंल, तर त्यो ब्लॉक काय कामाचा? तुमची पुढची फेरी आली की त्यो पुसला जातोय. मारणार नसंल तवा सगळी एनर्जी (पत्ते टाकायला दर फेरीला मिळतीय ती शक्ती) हाणायला घाला, मारणार आसंल तवा आकडा बगून तेवढाच ब्लॉक धरा.

दुसरं, पत्ते टाकायचा क्रम. आयर्नक्लॅडकडं (आपलं पयलं पात्र) बॅश नावाचा पत्ता आसतोय, दोन एनर्जीचा. ८ मार देतोय आन् शत्रूला व्हल्नरेबल करतोय, म्हंजे फुडचा मार दीडपट. आदी स्ट्राइक (साधा ६ मारणारा पत्ता) आन् मग बॅश टाकला तर ६ आन् ८ मिळून १४. आदी बॅश टाकला तर ८ आन् ९, म्हंजे १७. पत्ते त्येच, एनर्जी तीच, तीन मार फुकटात. दर लढाईला आसं तीन-तीन वाचत गेलं की बॉसपाशी (शेवटच्या मोठ्या शत्रूपाशी) लय फरक पडतोय.

विश्रामबाग_सांगली

कुपवाडदादांनी पाया घातलाच आहे, मी वादाच्या मुद्द्याला हात घालतो. "डेक लहान ठेवा" हा सल्ला सगळीकडे ऐकायला मिळतो आणि नवख्यांचं सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं, असं माझं मत आहे.

आमच्या होस्टेलवर एकजण अगदी शिस्तीत खेळायचा. समोर आलेले पत्ते नाकारत जायचा, डेक बारा-तेराच्या वर जाऊ द्यायचा नाही आणि पहिल्या अंकात (मनोऱ्याच्या पहिल्या टप्प्यात) ग्रेमलिन नॉब हा शत्रू भेटला की खलास. हा नॉब पहिल्या फेरीत नुसता ओरडतो. त्यानंतर तुम्ही स्किल जातीचा कुठलाही पत्ता टाकला की त्याची ताकद २ ने वाढते. डिफेंडसुद्धा स्किलच. म्हणजे आडोसा घेत बसाल तितका तो जास्त जोरात हाणणार. त्याला ८० च्या वर जीव असतो आणि तो चार-पाच फेऱ्यांत संपवावाच लागतो. सुरुवातीच्या पाच स्ट्राइकवर ते होत नाही.

म्हणून पहिल्या अंकात चांगला मारणारा पत्ता आला की घ्यायचा. पॉमेल स्ट्राइक साधा पत्ता आहे, पण ९ मार देतो आणि वर एक पत्ता ओढून देतो. क्लीव्ह सगळ्यांना एकदम ८ मारतो. असे तीन-चार जमले की मग नाकारायला सुरुवात करा. "हा पत्ता भारी आहे का" असं विचारण्यापेक्षा "पुढची अवघड लढाई यानं सुटेल का" असं विचारा. डेमन फॉर्म चमकदार पत्ता आहे, दर फेरीला ताकद वाढवत नेतो. पण तो तीन एनर्जीचा, म्हणजे ती अख्खी फेरी त्यातच जाते आणि नॉब काही तुमच्यासाठी थांबत नाही.

वाई_घाटावरून

विश्रामबाग, मुद्दा पटला. पण लहान डेकची बाजू अगदीच सोडू नका. गणित शिकवते म्हणून सवयीने मांडते.

दर फेरीला पाच पत्ते हातात येतात. डेक दहाचा असेल तर दोन फेऱ्यांत सगळे पत्ते एकदा हातातून जातात, म्हणजे तुमचा बॅश दर दोन फेऱ्यांत एकदा दिसणारच. तोच डेक तीसचा झाला की पूर्ण चक्कर सहा फेऱ्यांची. बऱ्याच साध्या लढाया तितक्या चालतही नाहीत, म्हणजे तुमचा सगळ्यात चांगला पत्ता एखाद्या लढाईत हातात येतच नाही. नवीन पत्ता घेताना तो एकटा येत नाही, जुन्या प्रत्येक पत्त्याला थोडं मागे ढकलून येतो. पॉमेल स्ट्राइकसारखे पत्ता ओढून देणारे पत्ते म्हणूनच स्वस्त पडतात, ते स्वतःची जागा भरून काढतात.

याची दुसरी बाजू दुकानात. तिथे ७५ सोन्याला डेकमधला एक पत्ता कायमचा काढून टाकता येतो, पुढच्या वेळी दर २५ ने वाढतो. माझे विद्यार्थी दुकानात शिरले की नवीन काय घेऊ एवढंच बघतात. मी आधी एक स्ट्राइक काढते, मग उरलेल्या सोन्याकडे बघते. पत्ता काढायला पैसे मोजायचे हे पोरांच्या गळी उतरवणं अपूर्णांकांपेक्षा अवघड आहे.

पोवईनाका

शेकोटीपाशी झोपू नका, पत्ता सुधारा. संपलं.

शाहूनगर_सातारा

@पोवईनाका, इतकं तोडून बोललात तर नवखे मरतील की हो. शेकोटी म्हणजे वाटेतलं विसाव्याचं घर, तिथे झोपा किंवा एक पत्ता सुधारा. झोपलात तर एकूण जिवाच्या ३० टक्के परत मिळतो. ८० जीव असेल तर २४. जीव पंधरावर आलाय आणि पुढच्या घरात बॉस आहे, तेव्हा झोपाच. जीव पन्नास-साठ असेल तर मात्र सुधारणा. बॅश सुधारला की मार १० होतो आणि व्हल्नरेबल तीन फेऱ्या टिकतं. बॉसला हरवलं की पुढच्या अंकाला जीव भरून मिळतो, निदान सुरुवातीच्या पातळ्यांवर. त्यामुळे बॉसनंतरसाठी जीव साठवून ठेवण्यात अर्थ नाही.

मिरज_नाईटड्यूटी

माझं आवडतं पात्र सायलेंट. आयर्नक्लॅडचा एक डाव खेळून झाला की ती उघडते, हरलात तरी. तिच्याकडे जीव ७० च आणि प्रत्येक लढाईनंतर आयर्नक्लॅडचा ६ जीव आपोआप भरतो तशी सोयही नाही, म्हणून बऱ्याच जणी कंटाळून परत त्याच्याकडे जातात. मला उलट तीच जमली, कारण तिचं विष.

विषाचा हिशोब नीट समजून घ्या. शत्रूला ५ विष दिलं तर त्याची पाळी आली की ५ जीव जातो, मग ४, ३, २, १. मिळून १५. एका एनर्जीच्या पत्त्यात १५ मार, शिवाय शत्रूने कितीही ब्लॉक धरला तरी विष आतून लागतंच. अट एकच, तितक्या फेऱ्या तुम्ही जिवंत राहायला हव्यात. म्हणून विषाचे दोन-तीन पत्ते झाले की मी सरळ ब्लॉकचे पत्ते घ्यायला लागते. नवीन मुली विषाच्या मागे विष घेत सुटतात आणि हातात अडवायला काहीच नसतं.

तिचा न्यूट्रलाइझ शून्य एनर्जीचा आहे म्हणून त्याला हलकं समजू नका. त्याने समोरचा वीक होतो, म्हणजे त्याचा मार पाव हिश्श्याने घटतो. मोठा आकडा दिसतो त्याच फेरीसाठी तो जपायचा.

बाकी ड्यूटीवर खेळत नाही हं, नाव वाचून कुणी गैरसमज करू नका. ड्यूटी संपवून रूमवर आल्यावर झोप लागेपर्यंत.

राजवाडा_निवृत्त

मी वयाने या धाग्यावर सर्वांत मोठा असावा. नातवाने टॅबवर घालून दिला. इंग्रजी मजकूर बराच आहे, पण तीच तीच वाक्ये येत असल्याने आठवड्याभरात सरावाची होतात.

आमची पिढी मेंढीकोट खेळून वाढली. तिथे हुकूम शेवटपर्यंत दाबून ठेवणाऱ्याची वाहवा होते. ती सवय इथे औषधांच्या कुप्यांबाबत आड येते, हे मी नातवाचा खेळ बघताना टिपले आहे. कुप्या ठेवायला जागा तीनच. तिन्ही भरल्या की नवी घेण्यासाठी जुनी टाकावी लागते. नातू त्या बॉससाठी राखतो आणि बॉसच्या आधीच्या एलिटपाशी (बॉसखालोखालच्या अवघड शत्रूपाशी) तिन्ही कुप्यांसह मरतो. माझा प्रघात असा: एलिटच्या घरात शिरलो की एक कुपी पहिल्या-दुसऱ्या फेरीतच वापरायची. त्यातून दहा-पंधरा जीव वाचतो, शेकोटीला झोपण्याची वेळ येत नाही आणि तिथे पत्ता सुधारून होतो. पोवई नाक्यावरच्या गृहस्थांचे म्हणणे या मार्गाने साधते.

तासगाव_मळा

एलिटचा विषय निघालाच आहे म्हणून. नकाशा सुरुवातीलाच पूर्ण दिसतो, तरी लोक एकेक घर बघत चालतात. मी वरून खाली बोट फिरवतो. बॉसच्या खालच्या मजल्यावर शेकोटी असतेच, ती धरून मागे यायचं. पहिल्या पाच मजल्यांवर एलिट नसतात, तोवर साध्या लढाया मारून दोन-तीन चांगले पत्ते जमवायचे. मग वाटेत एक किंवा दोन एलिट, आणि त्यातल्या निदान एकाआधी शेकोटी, अशी वाट पकडायची. एलिट टाळून बॉसपर्यंत पोचता येतं, पण एलिटकडून मिळणारे रेलिक (कायमचा फायदा देणाऱ्या वस्तू) नसले की दुसऱ्या अंकात पहिल्या दोन लढायांतच दम निघतो. मला वाटतं दुसरा अंकच सगळ्यात कठीण, तिसऱ्यापेक्षाही.

वाट फुटते तिथे शेवटपर्यंत बदलायची सोय ठेवणारी बाजू घ्या. जीव कमी झाला तर एलिट टाळता आला पाहिजे.

फवारणीचा टँकर भरेपर्यंत एक लढाई होते, ह्या गेमचं हे मला फार बरं वाटतं.

कराड_संगम

कराड-पुणे येणं-जाणं करणाऱ्यांसाठी याहून चांगला गेम नाही. नेट लागत नाही. कोयना एक्सप्रेसमध्ये रेंज गेली, खंबाटकीच्या बोगद्यात एसटी शिरली, काही फरक पडत नाही. पाळीला वेळेची मर्यादाही नाही, तिकीट दाखवून परत हातातल्या पत्त्यांकडे बघा.

आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही ती मी बोलतो. लढाई अर्धवट सोडून बाहेर पडलात तर परत आल्यावर ती पहिल्यापासून सुरू होते, पत्तेही त्याच क्रमाने येतात. काहीजण याला लबाडी म्हणतात. नवख्याने बेलाशक करावं. तोच हात दुसऱ्या क्रमाने खेळून बघितला की कुपवाडदादांचा १४ आणि १७ चा फरक डोळ्यांना दिसतो. पुढे असेन्शनच्या (वाढत्या कठीणपणाच्या) २० पातळ्या चढायला लागलात की मग सोडा.

कुपवाड_सेकंडशिफ्ट

संगमराव, लबाडीच हाय ती 😄 पण शिकायला बरी.

कृष्णाकाठ_सांगली

जुलै २०२१ च्या पुरात आम्ही नातेवाइकांकडे वरच्या मजल्यावर होतो. लाईट नाही, आयर्विन पुलाची पातळी किती झाली एवढंच सगळे विचारत होते. चार्जिंग जपून चुलतभावाला तेव्हा हा गेम शिकवला. त्याला वॉचर (आणखी एक पात्र) फार आवडली, आणि नवख्याने तिच्यापासून लांब राहावं असं मी म्हणेन. ती रागात गेली की तिचा मार दुप्पट, पण तिला बसणारा मारही दुप्पट. समोर २० चा आकडा असताना रागात राहून पाळी संपवली की ४० बसतात. पाळी संपवायच्या आधी रागातून बाहेर कसं पडायचं याचा पत्ता हातात आहे का, एवढं बघूनच रागात शिरायचं.

डिफेक्ट हे पात्र त्यामानाने सौम्य. बर्फाचे गोळे लावून ठेवा, प्रत्येक गोळा दर फेरीला आपोआप २ ब्लॉक देतो.

औंध_रोड_नवीन

सगळ्यांचे आभार, वाचूनच बरंच डोक्यात शिरलं. माझा प्रश्न: पहिल्या अंकाचा तो मोठा चिकट बॉस, स्लाइम. त्याला मारत आणलं की त्याचे दोन होतात, मग त्यांचेही तुकडे. तिथेच अडकतो. काय करायचं?

विश्रामबाग_सांगली

त्याला १४० जीव. ७० किंवा खाली गेला की फुटतो, आणि फुटताना त्याच्याकडे जितका जीव उरला असेल तितकाच दोन्ही तुकड्यांना मिळतो. ७२ वर असताना ३ चा टोला मारलात तर ६९ चे दोन, म्हणजे जवळपास परत पहिल्यापासून. ७५ च्या आसपास थांबा, ती फेरी ब्लॉकला किंवा पॉवरला (लढाईभर परिणाम टिकणाऱ्या पत्त्याला) द्या, आणि पुढच्या फेरीत सगळे जड पत्ते एकदम टाका. ४५ वर फुटला तर दोन्ही तुकडे आवाक्यात येतात. त्याचा ३५ चा मोठा तडाखा तिसऱ्या फेरीला येतो. त्या फेरीत तुमच्या पाळीतच तो फुटला तर तडाखाही रद्द होतो.

वाई_घाटावरून

आणि कोणता बॉस येणार हे नकाशाच्या सगळ्यात वर पहिल्या मजल्यावरूनच दिसतं. स्लाइम दिसला तर मोठा एकच टोला देणारा पत्ता वाटेत शोधत राहा, सापडला की शेकोटीला तोच सुधारा.

औंध_रोड_नवीन

वर चित्र असतं हे बघितलंच नव्हतं! आत्ता उघडून पाहिलं, या वेळी षटकोनी भुतासारखं काहीतरी आहे. त्याचं काय?

मिरज_नाईटड्यूटी

हेक्साघोस्ट. त्याचा पहिला खरा हल्ला तुमच्या त्या वेळच्या जिवावरून ठरतो, सहा फटके एकदम. जीव जास्त तर फटका मोठा. त्या एका फेरीसाठी वीक करणारा पत्ता आणि ब्लॉक हातात ठेवता आला तर बघ. त्याच्याआधीच्या शेकोटीला झोपायचं की सुधारायचं यावर मात्र इथे भांडण लागेल, मी सुधारते.

राजवाडा_निवृत्त

मी झोपतो.