शब्दचर्चा : 'सीक्रेट की'ला गुप्त किल्ली म्हणावं की खाजगी कळ?

प्रश्न : बिनतारी सेन्सर जाळ्यांच्या सुरक्षेवर मराठीत लिहितोय. 'सीक्रेट की डिस्ट्रिब्युशन', म्हणजे संदेश कुलूपबंद करणाऱ्या सांकेतिक 'की' सेन्सरांना देणं, यासाठी 'खाजगी कळ वितरण' चालेल का? आणि 'एफिशियंट' म्हणजे 'कार्यक्षम'च ना?

उत्तर १ : 'खाजगी' नको. 'प्रायव्हेट की' एकट्याकडेच असते आणि तिची जोडीदार किल्ली जगजाहीर असते. 'सीक्रेट की' दोघांकडे एकच असते, तिसऱ्याला ती कळू द्यायची नसते. म्हणून 'गुप्त'. आणि 'कळ' वाचून आधी बटण आठवतं, मग पोटातली कळ.

उत्तर २ : 'कळ'मध्ये मर्म, युक्ती हाही अर्थ आहे, तेव्हा ती अगदीच टाकाऊ नाही. पण 'कळवाटप' म्हटलं तर कुणीतरी कळ लावत फिरतंय असं वाटेल! किल्लीच बरी. तिच्याबरोबर 'जुडगा' आयता मिळतो. एशेनॉअर आणि ग्लिगोर या संशोधकांनी 2002 मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक सेन्सरला मोठ्या साठ्यातून यादृच्छिक निवडलेल्या किल्ल्यांचा जुडगाच देतात. दोघांच्या जुडग्यांत एक किल्ली जरी सारखी निघाली, की त्यांना थेट गुप्तपणे बोलता येतं. साठा 10,000 किल्ल्यांचा आणि जुडगा 83 चा असला, तरी कुठल्याही दोन सेन्सरांत निदान एक किल्ली सामाईक निघण्याची शक्यता जवळपास निम्मी.

माझी हरकत 'वितरण'ला आहे. त्यातून जाळं चालू असताना किल्ल्या पोचवल्या जातात असं वाटतं. इथे त्या सेन्सर पसरण्याआधीच भरून ठेवतात. 'आगाऊ वाटप' म्हणा.

प्रश्नकर्ता : पटलं. पण सगळ्यांना एकच किल्ली का देत नाहीत?

उत्तर २ : ती गुरुकिल्ली झाली. एक सेन्सर शत्रूच्या हाती लागला की सगळं जाळं उघडं. उलट प्रत्येक जोडीला वेगळी किल्ली द्यायची, तर 1,000 सेन्सरांत प्रत्येकाला 999 किल्ल्या सांभाळाव्या लागतील. 128 बिटांच्या धरल्या तरी सुमारे 16 किलोबाइट. जुन्या छोट्या सेन्सरांत एवढी रॅमही नसायची. त्यामुळे इथे 'एफिशियंट' म्हणजे स्मृती आणि बॅटरी दोन्ही जपणारं. 'काटकसरी' लिहा, 'कार्यक्षम' फार सरकारी वाटतं.

प्रश्नकर्ता : म्हणजे 'गुप्त किल्ल्यांचं काटकसरी आगाऊ वाटप'. आणि सेन्सरला 'संवेदक' करू?

उत्तर १ : सेन्सर राहू द्या.