मदत हवी आहे: जड (क्षारांच्या) पाण्यासाठी सॉफ्टनर, म्हणजे पाणी मऊ करणारं यंत्र, कुणी बसवलाय का?
सदाशिव पेठेतून वाघोलीला येऊन सहा महिने झाले. तिकडे खडकवासल्याचं पाणी, इथे बोअर नाहीतर टँकर. पाच शिट्ट्या झाल्या तरी तूरडाळ बोटाने चेपत नाही. परवा गिझरची कॉइल काढली, तर तिच्यावर दोन रुपयांच्या नाण्याएवढा जाड पांढरा थर! नळाची जाळी लिंबूसत्त्वात भिजवून साफ करते, आठवड्यात पुन्हा तेच.

तपासणीत पाण्याचा कठीणपणा (म्हणजे जडपणा) 540 मिलिग्रॅम प्रति लिटर निघाला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 200 पर्यंत ठीक, दुसरी सोय नसेल तर 600 चालतं. त्यामुळे सोसायटी म्हणते, "पाणी पास!" (डाळ कुठे पास होतेय?)

आरओ पिण्यापुरता आहेच. गिझर, वॉशिंग मशीनसाठी मिठाने रेझिन (क्षार धरून ठेवणारे बारीक मणी) धुवायचा सॉफ्टनर कुणी वापरतं का? महिन्याला मीठ किती लागतं? आणि ते धुतलेलं खारट पाणी कुठे सोडता?