मदत हवी आहे: ऊसतोडीला जाताना इन्सुलिन कसं सांभाळायचं?

आमचे दाजी दिवाळीनंतर पाच महिने ऊसतोडीला जातात, बीडहून कोल्हापूरकडं. ३०/७० इन्सुलिन (लवकर आणि सावकाश काम करणारं, असं मिश्र) चालू आहे, महिन्याला दोन बाटल्या. इथं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, पण तिकडं कोपीवर (ऊसतोड्यांच्या झोपडीत) फ्रीज नाही. गेल्या साली बाटली माठात बुडवून ठेवली, तर लेबलच सुटलं. उघडलेली बाटली सावलीत महिनाभर टिकते म्हणे, म्हणजे पहिल्या महिन्याच्या दोन निभतील, पण पाच महिन्यांच्या दहातल्या बाकीच्या आठांचं काय?

शिवाय पहाटे चारला फडात, भाकर दहाला. सुई आधी घेतली की हातपाय थरथरतात, म्हणून ते सुईच चुकवतात. 'भात सोडा' एवढं सांगू नका. रेशनचं जे मिळेल तेच शिजतं.

तिकडच्या आरोग्य केंद्रात इकडच्या कागदावर दर महिन्याला बाटल्या मिळतात का? कुणी घेतल्यात का? आणि सकाळची सुई दहाच्या भाकरीआधी घेतली तर चालते का?