अनुभव धागा: दुःखाचा गट चालवणाऱ्यांनी लिहावं

जिथे माणसं आपलं दुःख घेऊन येतात, गोल बसतात, बोलतात, गातात किंवा काहीच न करता बसून राहतात, अशा गटांत जाऊन आलेल्यांचं लेखन बरंच वाचायला मिळतं. गट चालवणाऱ्यांचं मात्र क्वचितच. आधी येऊन खुर्च्या मांडणारी, पहिला सूर लावणारी आणि सगळे गेल्यावर दिवे मालवणारी ही माणसं मधल्या वेळात नेमकं काय करतात, हे मला त्यांच्याकडून ऐकायचं आहे.

थोडी पार्श्वभूमी देते. १९६९ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत 'कंपॅशनेट फ्रेंड्स' हा मुलं गमावलेल्या आईवडिलांचा गट सुरू झाला. सायमन स्टीफन्स हे तिथल्या हॉस्पिटलमधले तरुण धर्मगुरू. आपल्या शब्दांपेक्षा ही जोडपी एकमेकांना देतात तो आधार मोठा आहे, हे त्यांनी ओळखलं. २००० साली कॅलिफोर्नियात केट मंगर यांनी मरणासन्न माणसांच्या उशाशी गाणारा 'थ्रेशोल्ड क्वायर' सुरू केला. २०११ मध्ये लंडनला जॉन अंडरवूड यांनी मरणाविषयी मोकळेपणी बोलण्यासाठी पहिला 'डेथ कॅफे' भरवला. २०१८ मध्ये शॉन गिनराइट या अमेरिकन प्राध्यापकांनी आणखी एक मुद्दा मांडला: दुखावलेल्या माणसाला 'तुझं काय झालं' एवढंच विचारत राहिलं तर त्याची ओळख जखमेपुरतीच उरते, त्याच्यात शाबूत काय आहे तेही बघा, आणि बरं होणं समूहात घडू द्या.

तर लिहा, टोपणनावाने. पुस्तकी नको, काय करता ते लिहा. कोणाचीही ओळख पटेल असे तपशील कृपया टाळा.

रात्रपाळी

मी नर्स आहे. नोकरी वेगळी, आणि गाणं त्याबाहेर, स्वयंसेवक म्हणून. आम्ही हॉस्पिसमध्ये, म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटांची काळजी घेतात तिथे, गातो. एका वेळी दोघं किंवा तिघं, त्याहून जास्त कधीच नाही. वाद्य नाही, हातात कागद नाही. आधी विचारतो. 'नको' म्हटलं तर हसून निघतो. ज्याच्या दिवसातला प्रत्येक निर्णय दुसरे घेताहेत त्याला निदान आम्हाला नाही म्हणता आलं, हेही काही कमी नाही.

उभं राहून गायचं नाही. खुर्ची ओढून उशाच्या उंचीला यायचं. आवाज इतका लहान की दाराबाहेरच्याला नीट ऐकू येऊ नये. छोटी ओळ, पुन्हा तीच, पुन्हा तीच. लय आपण ठरवत नाही. पेशंटच्या छातीकडे बघायचं आणि त्याच्या श्वासावर ओळ सोडायची. श्वास मध्येच थांबतो, लांबतो. तेव्हा आपणही थांबायचं. नवीन आलेल्यांना हेच सगळ्यात जड जातं. शांतता पडली की ती भरायचा मोह होतो.

ओळखीची गाणी की अनोळखी, यावर आमच्यात वाद आहेत. माझं मत असं: माणूस जागा असेल, बोलत असेल तर त्याच्या आवडीचं गावं. अगदी शेवटच्या टप्प्यात मात्र ओळखीचं गाणं त्याला आठवणींत मागे ओढतं. तेव्हा ज्याच्याशी कसलाच इतिहास जोडलेला नाही अशी साधी चाल बरी. घरच्यांना हे पटत नाही कधीकधी, आणि मग त्यांचं ऐकायचं. कारण गाणं बऱ्याचदा त्यांच्यासाठीच असतं.

'त्यांना ऐकू येतं का हो?' हा प्रश्न हमखास येतो. २०२० मध्ये ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी हॉस्पिसमधल्या, प्रतिसाद न देणाऱ्या काही पेशंटांच्या मेंदूची नोंद घेतली होती. त्यातल्या काहींचा मेंदू शेवटच्या काही तासांतही आवाजांना प्रतिसाद देत होता. त्यांना अर्थ कळत होता का, हे त्यावरून सांगता येत नाही. मी घरच्यांना एवढंच सांगते, की ऐकू येतंय असं धरून बोला.

सरावाची एक पद्धत थ्रेशोल्ड क्वायरवाल्यांची, आम्ही उचलली आहे. मधे आरामखुर्ची ठेवायची, एकाने त्यात पडायचं, बाकीच्यांनी त्याच्यासाठी गायचं. आडवं पडून ऐकल्याशिवाय आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही.

खालचा सा

रात्रपाळी, श्वासावर ओळ सोडणं हे फार नेमकं लिहिलंत.

माझा गट वेगळा. आजारी कोणी नाही, मागे राहिलेले सगळे. गाणं शिकवत नाही, कार्यक्रम करत नाही. 'मला गाता येत नाही' हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर मी काहीच बोलत नाही, नुसतं गुणगुणायला लागतो.

तांत्रिक गोष्टी सांगतो, कारण त्या कोणी लिहीत नाही. पट्टी खालची ठेवा. हौशी आवाज वर ताणला की माणूस सुराचाच विचार करत बसतो. ओळ चार-पाच शब्दांची. आधी मी, मग सगळे. ती मुरली की दुसरी ओळ तिच्यावर चढवायची. शब्दांचे कागद वाटू नका. कागद हातात आला की माना खाली जातात आणि कोणी कोणाकडे बघत नाही.

आता मुख्य गोष्ट. रडू आलं की घसा आवळतो, आवंढा येतो, सूर तुटतो. एकटा गाणारा तिथेच थांबतो. गटात तसं होत नाही. त्याचा सूर तुटतो, बाकीचे ओळ चालू ठेवतात, आणि पाच-सहा आवर्तनांनी तो पुन्हा आत शिरतो. कोणी मान वळवून बघत नाही. चालवणारा म्हणून माझं काम एवढंच, की तो खालचा सा सोडायचा नाही. मला स्वतःला भरून आलं तर शेजारचीला खूण ठरलेली आहे, ती धरते.

गाण्याने माणसं जवळ येतात हे खरंच आहे, पण फार भारावून जाऊ नका. २०१५ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी गाण्याच्या वर्गांची तुलना हस्तकला आणि लेखनाच्या वर्गांशी केली. गाणारे एकमेकांशी पटकन जुळले. सात महिन्यांनंतर मात्र तिन्ही प्रकारचे गट सारखेच घट्ट झाले होते. म्हणजे गाणं ओळख लवकर करून देतं. पुढचं काम दर वेळी येत राहण्याने होतं.

पायरी

मी गट चालवत नाही, सोडलेला आहे. तरी लिहिते.

आमच्या चालवणाऱ्या बाईंचा आवाज सुंदर होता आणि तोच प्रॉब्लेम होता. कोणी रडायला लागलं की त्या गायला लागायच्या. हळूहळू लक्षात आलं, की आमचं रडणं त्यांना सहन होत नाही. माझ्या भावाबद्दल एक वाक्यही मला पुरं करता आलं नाही. शिवाय दर खेपेला, 'आता तुम्ही कोणत्या टप्प्यावर आहात?' नकार, राग, घासाघीस वगैरे. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांचे ते पाच टप्पे १९६९ च्या पुस्तकातले, आणि ते पुस्तक मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या पेशंटांवर आहे. मागे राहिलेल्यांसाठी ती शिडी नव्हती. पण बाईंच्या वहीत आमच्या नावापुढे टप्पे लिहिलेले असायचे!

गटातली बाकी माणसं मात्र अजून माझी आहेत. आम्ही आपापलं भेटतो.

खालचा सा

पायरी, तुमचं वाचून आमच्यातला एक नियम आठवला. बोलणारा 'झालं' म्हणेपर्यंत गाणं सुरू करायचं नाही. आधी मला तो कोरडा वाटायचा. आता त्याशिवाय चालवणार नाही.

दोलक

मी समुपदेशक. टप्प्यांबद्दल पायरींशी शंभर टक्के सहमत. १९९९ मध्ये मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या संशोधकांनी मांडलेली कल्पना मला गट चालवताना कितीतरी उपयोगी पडते. माणूस कधी गेलेल्याच्या दुःखात असतो, तर कधी बदललेल्या आयुष्याच्या कामांत, आणि या दोन्हींत तो येजा करत राहतो. दोन्ही लागतं. म्हणून माझ्या बैठकीचा शेवटचा भाग पूर्णपणे व्यवहाराचा: बँकेचे अर्ज, गेलेल्याच्या नावचा मोबाइल, कपाटातले कपडे कधी काढायचे, मुलांना कोणत्या शब्दांत सांगायचं. तिथेच लोक खळखळून हसतात. नवऱ्याच्या ईमेलचा पासवर्ड शोधताना काय काय सापडलं, हे एका बाईंनी सांगितलं तेव्हा अख्खी खोली हसत होती.

एक कळकळीची विनंती. गट म्हणजे उपचार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत 'दीर्घकाळ लांबलेला शोक' हे निदान आहे. त्यासाठी किमान सहा महिने लोटलेले असावे लागतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत ते २०२२ मध्ये आलं, तिथे प्रौढांसाठी एक वर्ष धरलंय. नुसत्या कॅलेंडरवर जाऊ नका. जवळजवळ रोजच गेलेल्याची तीव्र ओढ, रोजची कामंही न होणं, समाजाच्या रीतीपेक्षाही फार लांबलेलं असणं, असं सगळं मिळून बघतात. आणि कोणी जीव नकोसा झाल्याचं बोललं तर महिने मोजत बसायचं नाही. बैठक संपण्याआधी बाजूला घेऊन थेट विचारायचं. विचारल्याने डोक्यात विचार घातला जातो ही समजूत चुकीची आहे. तज्ज्ञांचा नंबर खिशात असलाच पाहिजे.

कोपऱ्यातली खुर्ची

आमच्या गटात 'हक्क नसलेले' लोक येतात. हा शब्द आमचाच. गर्भपात झालेली, घटस्फोटित नवरा गेला म्हणून रडणारी, ज्याने आयुष्यभर मारलं त्या बापासाठी काय वाटतंय ते न कळणारा, कुत्रं गेलेला. ज्यांच्या नात्याबद्दल कोणालाच ठाऊक नव्हतं असेही. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकांनी १९८० च्या दशकात यावर लिहिलं: समाज ज्याला दुःख म्हणून मोजतच नाही, ते दुःख.

आम्ही गात नाही. एक ओळ गुणगुणून पाहिली होती, ती कोणाला झेपली नाही. मारणाऱ्या बापासाठी कोणतं गाणं म्हणणार? आम्ही विणतो, कागद कापतो, शेंगा सोलल्यासारखं हाताला काहीतरी चालू ठेवतो. हात गुंतले की डोळ्यांत बघावं लागत नाही आणि तोंड सुटतं. खालचा सा यांनी लिहिलेला हस्तकलेच्या वर्गाचा निष्कर्ष वाचून बरं वाटलं. उशिरा का होईना, आम्हीही पोहोचतो!

तुलना मात्र बंद. 'माझं तर मूल गेलं, तुझं कुत्रं' हे आमच्याकडे मोठ्याने कोणी म्हणत नाही, पण चेहऱ्यावर येतं. ते आलं की मी बोलते.

मागे उभी

मालिदोमा आणि सोबोन्फू सोमे यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशातल्या दगारा लोकांचा शोकविधी अमेरिकेत नेला. त्या परंपरेतून शिकलेल्या एकांच्या शिबिराला मी गेले होते, आता छोट्या बैठका घेते. त्यातली रचनाच मला महत्त्वाची वाटते. एक जण शोकाच्या जागेशी जातो, त्याच्या पाठीशी एक जण राहतो, आणि बाकीचे सगळे मागे गात, वाजवत राहतात. पाठीशी असलेल्याने समजूत घालायची नाही, पाठ थोपटायची नाही, रुमाल पुढे करायचा नाही. रुमाल दिला की 'आता पूस' असाच अर्थ निघतो. मागितला तर द्यावा.

मी त्याला दगारा विधी म्हणत नाही. तिथे मागे गाणारे लोक दुसऱ्या दिवशीही शेजारीच असतात. आमच्याकडे तासाभराने प्रत्येक जण आपापल्या गाडीत. म्हणून मी बैठकीनंतर जोड्या लावून देते: दोन दिवसांनी एकमेकांना फोन करायचा. माझ्या मते गाणं, रडणं या सगळ्यापेक्षा तो फोन मोठा.

म्यूट

कोव्हिडमधला अनुभव. २०२० च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट परगण्यात एका गायनवृंदाचा सराव झाला. ६१ जण आले होते. त्यांतल्या ५३ जणांना संसर्ग झाला असं धरलं गेलं, दोघं गेले. ती बातमी वाचली आणि आमचं गाणं त्या दिवशी बंद. दुःख सर्वांत जास्त तेव्हाच, आणि एकत्र गाणंच धोक्याचं.

ऑनलाइन एकत्र गाता येत नाही. आवाज मागेपुढे पोहोचतात, नुसता गोंधळ होतो. मग मी एकटी गायचे आणि बाकी सगळे आपापल्या घरी म्यूटवर. मला पडद्यावर फक्त हलणारे ओठ दिसायचे. चालवणाऱ्याला ते भयंकर एकटं पडल्यासारखं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण जे कधी तोंड उघडत नव्हते ते त्या काळात मोठमोठ्याने गायले, असं नंतर त्यांनीच सांगितलं. दोघं-तिघं अजून ऑनलाइनच हवं म्हणतात. ठेवलंय.

रात्रपाळी

चालवणाऱ्याचं काय, हे कोणी फारसं लिहिलं नाही. आमच्याकडे स्वतःच्या घरात मृत्यू झाला असेल तर काही काळ उशाशी गायला जायचं नाही, खुर्चीत पडून ऐकायचं. काही जण यावर रागावतात. 'आत्ता तर मला खरं कळतंय,' म्हणतात. कळत असेल, पण त्या खोलीतलं मरण दुसऱ्याचं आहे.

दोलक

आणि गट एकाच माणसाच्या आवाजावर, स्वभावावर उभा राहिला तर तो माणूस आजारी पडला की गट संपतो. पायरींच्या बाईंना कोणी 'थांबा' म्हणणारं नव्हतं. दोघांनी मिळून चालवा.

नवखी

मला आमच्या वाचनालयाच्या खोलीत सुरू करायचंय. गाता येत नाही. सुरुवात कशी करू?

कोपऱ्यातली खुर्ची

गाता येत नसेल तर गाऊ नका. शेवट आधीच जाहीर करा, 'सहा बैठका' असं. अमर्याद गटात यायला लोक घाबरतात. सातवी हवी की नको ते सहावीत ठरवा.

खालचा सा

गाणारं कोणीतरी निघेलच. त्याला लगेच पुढे बसवू नका एवढंच. आणि खुर्च्या मांडताना दोन-तीन दाराजवळ, वर्तुळाच्या जरा बाहेर ठेवा. सगळ्यांसमोरून उठून जावं लागणार असेल तर काही जण आतच येत नाहीत.